उन्हाला आलेली लेकरं

पोखर्णी
१२ डिसेंबर २०२५

अपेक्षा,

लेकरं सुखरूप पोचली. नागनाथ भावजींनी तुला फोन केला असेलच, पण तुझ्या नवऱ्याचं बोलणं 'पोचलो, जेवलो, ठेवतो' एवढ्यात आटोपतं. माझा फोन तू घेत नाहीस, म्हणून हे कागदावर. पोस्टात चौकशी केली तर तिथली बाई म्हणाली, "नॉर्वे? लय लांब हाय की हो. पोचंल तवा पोचंल." तर पोचेल तेव्हा वाच.

परभणी स्टेशनावर मी आणि आमचे हे, तुझे थोरले दीर, घ्यायला गेलो होतो. दोघं कानटोप्या, कोट, हातमोजे, बूट अशा बंदोबस्तात उतरली. सकाळी गारठा होता हे खरं, इथल्या थंडीचं नाव यंदा पेपरात यायला लागलंय. पण दहाच्या सुमाराला ऊन तापलं आणि एकेक कपडा उतरत गेला. घरी येईस्तोवर गाडीच्या मागच्या सीटवर तुझ्या नॉर्वेचं दुकान मांडलं होतं. आता दोघं चड्डी-बनियनवर अंगणात हुंदडतायत. तुझ्या डॉक्टरनं ऊन द्या म्हणून सांगितलं ना, मग त्याला कळव, लेकरं पोटभर ऊन खायला लागलीत. तिथं म्हणे दुपारीच दिवे लावावे लागतात. कसं राहता गं तुम्ही?

मला वाटलं होतं, बुजतील. अडीच वर्षांची लेकरं, नवं घर, नवी माणसं. पण स्टेशनावर भावजींच्या कडेवरून पोरीनं माझ्याकडं पाहिलं आणि सरळ दोन्ही हात पुढं केले. पोरगा खाली उभा होता, तो येऊन माझ्या पायाला बिलगला. भावजी चकित. "वैनी, हे कुणाकडंच जात न्हाईत. तिथल्या पाळणाघरात किती दिवस रडून रडून बेजार केलं." मी पोरीला कडेवर घेतलं. त्यात नवल काय.

तूही आली असतीस तर बरं झालं असतं. दाताच्या डॉक्टरला तिकडं पुन्हा परीक्षा द्यावी लागते हे मला माहीत नव्हतं. इथले दात वेगळे असतात का?

जुनं उकरायचं नाही असं ठरवून बसले होते, पण लिहायला बसलं की हात ऐकत नाही. तुझं पहिलं बाळ तिकडं राहिलं नाही, म्हणून या जुळ्यांच्या वेळी तू बाळंतपणाला इकडं आलीस. दवाखान्यातून घरी आणल्याबरोबर आत्याबाईंनी (आपल्या सासूला मी आत्याबाई म्हणते, तू मम्मी म्हणतेस, त्या दोन्ही हाकांना ओ देतात) दोघांना सुपात घालून विकायला काढलं. पहिलं गेलेल्या बाईचं पुढचं लेकरू दुसरीला विकायचं, त्याचं नाव दगडाधोंड्याचं ठेवायचं, म्हणजे न्यायला टपलेलीला ते कुणाचं हे उमगत नाही. पुढं जावळ काढायच्या आधी आईनं सूपभर ज्वारी देऊन ते परत मागून घ्यायचं. घेणारी लेकुरवाळी असावी लागते. शेजारची सरजाबाई ठरली होती, भरल्या घराची बाई. ऐनवेळी ती कापसाच्या गाडीबरोबर मानवतला गेली. आत्याबाई म्हणाल्या, "शिवकन्या, तूच घे. घरातलं घरात." माझी कूस कधी उजवली नाही हे सगळ्या गावाला माहीत, तरी मी पदर पसरला. सूपभर ज्वारी दिली आणि धोंडी न् दगडू माझे झाले. तू बाजेवर पडल्या पडल्या हसलीस. "ताई, पावती पण घ्या हो," म्हणालीस.

मग तू उठून बसेपर्यंत मीच त्यांना न्हाऊमाखू घातलं. एकदा मी सरजाबाईशी बोलताना 'माझी दोघं' म्हणाले, ते तुझ्या कानावर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या बॅगा दारात. लेकरं परत मागायची राहूनच गेली. जावळ तिकडच्या कुठल्या सलूनात काढलं म्हणे.

आठवलं म्हणून लिहिलं. रागावू नकोस. दोघांचा खोकला आल्यापासून ऐकू आलेला नाही.

शिवकन्या


पोखर्णी
२६ डिसेंबर

अपेक्षा,

तुझं उत्तर नाही, ते येईल अशी आशाही नव्हती. पण लेकरांचं सांगायला तरी मला कुणी पाहिजे.

परवा सगळे शेतातल्या आखाड्यावर हुरडा खायला गेलो होतो. तुझे दीर कणसं भाजत होते, मी चोळून देत होते, आणि तुझी नाजूक लेकरं लोणी लावल्यासारखी गिळत होती. पोराच्या गालावर काळं, पोरीच्या नाकाला राख. भावजींनी फोटो पाठवला असेल. त्यात दोघं कॅमेऱ्याकडं बघत नाहीत. सध्या ती कुणाच्याच हाकेला वळत नाहीत.

म्हणजे असं झालं. जेवणं झाल्यावर दोघं ज्वारीत शिरली. ज्वारी डोक्याच्या वर गेलीय, आत शिरलेलं मोठं माणूससुद्धा दिसत नाही. भावजी हाका मारत फिरायला लागले, इरा, नील, इरा, नील. आधी हसत, मग घाबरून. पात सळसळायची, पण उत्तर नाही. त्यांचा घसा बसायची वेळ आली तेव्हा मी बांधावरून नुसतं म्हणाले, "धोंडे, दगडू, या बरं." भावजी उभे होते तिथून हातभर अंतरावर ज्वारीतून दोन डोकी बाहेर निघाली. तिथंच बसली होती दोघं, त्यांच्या पायाशी.

"वैनी, ही नावं यांना कुणी शिकवली?"

"मी न्हाई शिकवली. आत्याबाईंना विचारा."

"अपेक्षानं घरात ही नावं घ्यायची बंदीच केलीया. तिनं तर एकदाबी न्हाई घेतली."

आत्याबाई तोंडात कणीस धरून होत्या. त्या म्हणाल्या, "ज्याचं त्याला नाव कळतं बाबा," आणि विषय तिथंच संपला.

मी त्यांना 'मोठी आई' म्हणायला शिकवलं, देवाशपथ. त्यातलं 'मोठी' तेवढं ती गाळतात. लेकरांच्या तोंडी लांब शब्द बसत नाहीत, मनावर घेऊ नकोस.

मोबाईलवर तू रोज दिसतेस ते मी लांबून बघते. केस कापलेस का? काल तू "मम्माकडे बघ, मम्माकडे बघ" म्हणत होतीस. धोंडीनं मोबाईलवर तुझ्या तोंडाला बोट लावलं आणि मागं वळून मला विचारलं, "ही कोण?" भावजींचा चेहरा पडला. मी म्हणाले, रेंज नाही, तोंड नीट दिसत नसेल. रेंज होती. मला ते ऐकून गोड वाटलं, आणि मग रात्रीचं जेवण गेलं नाही. दोन्ही खरं आहे.

एक सांगायचं राहिलं. दुपारी मागच्या अंगणात बाजेवर मी त्यांना घेऊन बसते. ऊन चांगलं अंगात मुरतं तेव्हा. आपण झोपलेलं लेकरू हसलं की म्हणतो, सटवाई हसवते. ही दोघं जागी असतात. रस्त्याकडं तोंड करून बसतात, पापणी हलवत नाहीत, आणि एकाच क्षणाला हसतात. पुन्हा गप्प, पुन्हा एकदम हसू. रस्त्यावर कोणी नसतं. मी एकदा त्यांच्या मधे डोकं घालून बघितलं, त्यांना दिसतं ते मलाही दिसेल म्हणून. नुसतं ऊन होतं.

शिवकन्या


पोखर्णी
५ जानेवारी २०२६

अपेक्षा,

तुला भावजींनी काय सांगितलं मला माहीत नाही, त्यांनी लपवलं असेल तर मी सांगितलेलं बरं.

बुधवारी ते दोघांना घेऊन परभणीला निघाले होते. बूट घ्यायचे, विद्यापीठाची झाडं दाखवायची, आइस्क्रीम, असा बेत. घरातून दोघं उड्या मारत गेली. आपल्या शिवेवर ओढ्याचा पूल आहे बघ, तिथं गाडी चढली आणि दोघांचा आवाज बंद झाला. भावजींनी आरशात पाहिलं तर दोघांच्या माना पडलेल्या. हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. ते तसेच परभणीच्या दवाखान्याकडं निघाले असते, पण पोरीनं डोळे पांढरे केले म्हणून घाबरून त्यांनी गाडी घराकडं वळवली. पूल ओलांडून अलीकडं आले आणि पोरगा म्हणाला, "भूक." घरी येईस्तोवर ताप गेला होता. मी हात लावून पाहिलं, कपाळ साधं कोमट.

दुपारी परभणीहून लेकरांचा डॉक्टर बोलावला. भला माणूस, घरी आला. छाती तपासली, कान पाहिले, पोट दाबलं. म्हणाला, "काही नाही हो. नंबर एक तब्येत आहे. ही तर इथलीच वाटतात."

शनिवारी मी, आत्याबाई आणि दोघं मानवतला लग्नाला एसटीनं गेलो. भावजी नको म्हणत होते, पण त्यांच्या मावशीच्या घरचं लग्न, भर पौषातलं का असेना, जाणं भाग होतं. पूल आला, मी श्वास धरून बसले. दोघं माझ्या मांडीवर. पूल गेला. लेकरांनी खिडकीतून म्हशी मोजल्या, लग्नात जिलबी खाल्ली, नवरदेवाच्या फेट्याची झालर ओढली आणि रडारड न करता परत आली.

काल भावजींनी पुन्हा एकटं नेऊन पाहिलं. पुलावरून परत.

मग ते स्वयंपाकघरात आले आणि चुलीपाशी खाली बसले. लग्नाआधी बसायचे तसे. "वैनी, तुमी संगट असल्या की काहीच व्हत न्हाई."

"मग मी येते की विमानापर्यंत."

"अन् विमानात?"

मी भाकरी थापत राहिले. माझ्याकडं पासपोर्ट नाही हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. अपेक्षा, मी काही करत नाही गं. नवस नाही, उतारा नाही, कुठल्या बाबाकडं गेले नाही. नरसिंहाच्या देवळात आत्याबाई दोघांना रोज नेतात, तेवढंच. पण खोटं कशाला बोलू, पुलावरून गाडी परत येताना दिसली की माझ्या छातीतलं ओझं उतरतं.

शिवकन्या


पोखर्णी
१६ जानेवारी

अपेक्षा,

भावजी काल एकटे गेले. आतापर्यंत पोचले असतील. त्यांच्यावर आवाज चढवू नकोस, त्या माणसानं सगळं करून पाहिलं.

संक्रांतीला दोघांचं बोरन्हाण केलं. तसं ते पहिल्या संक्रांतीलाच करायचं, पण तेव्हा तू त्यांना बर्फात नेलं होतंस. काळे कपडे मी शिवले, हलव्याचे दागिने सरजाबाईच्या सुनेनं केले. पाटावर दोघांना बसवलं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या सगळं डोक्यावरून ओतलं. ते खाली पडलं की गावची पोरं कशी तुटून पडतात तुला माहीत आहे. पाटावरच्या लेकराला ढकलून लुटतात, तेच तर त्यातलं हसू. या वेळी अंगण पोरांनी भरलं होतं आणि एकही पुढं सरकलं नाही. बोरं घरंगळत त्यांच्या पायाशी गेली, तशी पोरं मागं सरली. सरजाबाई आपल्या नातवावर डाफरली, "कामून उभा हायस? उचल की."

तो म्हणाला, "मला न्हाई पायजे. मला थंडी वाजायली."

भर अकराचं ऊन होतं, अपेक्षा. मला घाम फुटला होता. दोघं पाटावर बसून हसत होती, एकदम, नि पुन्हा एकदम. शेवटी बोरं मीच गोळा केली.

काल सकाळी हैदराबादची गाडी ठरवली होती. भावजींनी तिकडच्या औषधाच्या बाटल्या, ओल्या पट्ट्या, थर्मामीटर सगळं जवळ घेतलं. आता काहीही झालं तरी थांबायचं नाही, ताप आला तर येऊ दे, असं ठरवून निघाले. निघताना मी दोघांचे मुके घेतले. दारात उभी राहिले नाही. आत जाऊन दूध तापायला ठेवलं, दोन वाट्या काढल्या. आत्याबाई म्हणाल्या, "कुणासाठी?" मी म्हणाले, "बघू." दूध उतू जायच्या आत गाडी दारात परत होती. ड्रायव्हरनं भाडंसुद्धा घेतलं नाही. भावजींच्या शर्टावर पोराची उलटी होती. पोरगी श्वास घ्यायची थांबली होती म्हणाले. माझ्या हातात आली नि तिनं वाटीकडं बोट दाखवलं.

भावजी दारातच उभे राहून म्हणाले, "वैनी, सोडा की त्यांना."

"मी धरलंय का? हे बघा माझे हात."

"मनातनं सोडा."

तुझी कूस भरलेली आहे, म्हणून तुला विचारते. मनातून सोडायचं असतं तेव्हा नेमकं कुठून सोडतात? मला जागा सापडत नाही.

त्यांना नोकरीवर हजर व्हायचं होतं, ते गेले. तुला येऊन न्यावं लागेल. रीत म्हणजे रीत. आईनं दारात यायचं, सूपभर ज्वारी द्यायची, तोंडानं मागायचं, मी द्यायचं. सूप घरात आहे, ज्वारीही आहे. तुझी परीक्षा होईल तेव्हा ये. तोवर इथं ऊन छान आहे.

शिवकन्या


पोखर्णी
२४ फेब्रुवारी

अपेक्षा,

इतक्या पत्रांनंतर तुझं पहिलं पत्र आलं. तुझं अक्षर सुंदर आहे, डॉक्टरचं वाटत नाही. मी ते आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

तू लिहिलंस, 'ताई, दोघं सांगितलेलं सगळं ऐकतात. जेवा म्हटलं की जेवतात, झोपा म्हटलं की डोळे मिटतात. इराला लस टोचली तर ती सुईकडं बघत राहिली. रडली नाही. परत आल्यापासून दोघं एकदाही हसलेली नाहीत. दोन दोन रजया घालते, हीटर लावते, पण हात गार. रात्री त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघायला उठते. चालू असतो. डॉक्टर म्हणतात, काही नाही. त्या दिवशी तुम्ही काय केलंत?'

तू विचारलंस म्हणून सांगते. तू होतीसच तिथं, पण तुझे डोळे लेकरांवरून हलत नव्हते.

जानेवारीच्या शेवटी तू आलीस, परीक्षा अर्धी टाकून. रिक्षातून उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही, इतकी वाळली होतीस. दोघं माझ्या मागं लपली. तू पुढं धावली नाहीस. गेल्या वेळसारखी भांडशील म्हणून मी कंबर कसून बसले होते, आणि तू पायरीवर बसून म्हणालीस, "ताई, कसं मागायचं ते सांगा. तुम्ही म्हणाल तसं मागते." मला भरून आलं. खरंच आलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी नाटकाचं नव्हतं, तेवढं धर.

दुपारी मी उंबऱ्याच्या आत बसले, दोघं मांडीवर. तू बाहेर, हातात ज्वारीचं सूप. आत्याबाई आणि सरजाबाई बाजूला. मी रीतीप्रमाणं विचारलं, "काय मागायला आलीस, बाई?"

"लेकरं."

"कोणती?"

"माझी."

"नाव घेऊन माग."

इथं तू थोडी थांबलीस. मग म्हणालीस, "इरा. आणि नील."

आत्याबाईंनी तोंड उघडलं. सरजाबाईनं माझ्याकडं पाहिलं. त्या दोघींना माहीत होतं, जुन्या बायकांना सगळ्यांना माहीत असतं: ज्या नावानं विकलं त्याच नावानं मागावं लागतं. मागणारी चुकली तर देणारीनं टोकायचं, 'बाई, ती माझ्याकडं न्हाईत, नीट माग' असं म्हणायचं. तू चुकलीस ती मायेनं चुकलीस. दगड नि धोंडा म्हणायला तुझी जीभ कधी वळली नाही. तू इतके नवस बोलून मिळवलेली लेकरं, तू त्यांना चांगल्याच नावानं हाक मारणार. तुला ही रीत शिकवायची ती मी, तुझी थोरली जाऊ.

मी म्हणाले, "इरा दिली. नील दिला."

आत्याबाईंनी तोंड मिटलं.

दोघं उठून तुझ्याकडं चालत आली. तू त्यांना उराशी धरून रडलीस, माझ्या पाया पडलीस, म्हणालीस, "ताई, सुटले मी." गाडी पूल ओलांडून गेली. ताप नाही, उलटी नाही, काही नाही. तू पुलापलीकडून फोन केलास, माझ्या मोबाईलवर, इतक्या वर्षांनी. मी घेतला आणि "बरं झालं" म्हणाले.

मोबाईल ठेवला आणि मागच्या अंगणात गेले. बाजेवर दोघं बसली होती. धोंडीनं हात वर केले.

मला वेड लागलं असं तू म्हणशील. मीही आधी तेच म्हणाले. कुणाला सांगितलं नाही. पण आत्याबाई दुसऱ्या दिवसापासून न विचारता दोन वाट्या जास्त काढायला लागल्या, आणि वाट्या रिकाम्या येतात. तुझे दीर शेतातून आले की अंगणातून सरळ यायच्या ऐवजी कडेनं येतात, मधे कुणी खेळत बसलंय म्हणून वळसा घालावा तसे. का वळता म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "कुठं वळलो?" सरजाबाई हल्ली आमच्याकडं येत नाही. तिच्या नातवाला थंडी वाजते म्हणे.

आता तू लिहितेस, काय करायचं असेल ते करा, पण माझी लेकरं मला पुरती द्या. मी वाचलं आणि परवा खरंच बसले. सूप मांडीवर घेतलं, तू समोर नसताना का होईना, म्हणून बघावं, धोंडी दिली, दगडू दिला. दोघं समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. त्यांना कळत होतं मी काय म्हणणार आहे ते. माझ्या ओठांवर आलं. मग पोरगा पुढं झाला आणि त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. गरम होता गं त्याचा हात. तुझ्याकडचे गार आहेत म्हणतेस. माझ्याच्यानं नाही म्हणवलं.

तू ये, अपेक्षा. तुला यायला मी कधीच नको म्हणणार नाही. बरोबर नाव घेऊन माग, धोंडी नि दगडू, असं स्पष्ट. त्या वेळी मी काय म्हणेन ते मला आज सांगता येत नाही, आणि तुला खोटी आशा लावायची माझी इच्छा नाही. तुझी दोघं चालती-बोलती तुझ्याकडं आहेत, त्यांना जप. भात भरव, गोष्टी सांग, त्यांच्यात काही परत येतं का बघ. मला इतक्या वर्षांत कुणी काही दिलं नव्हतं. तू मागून नेलंस ते तुझं, आणि उरलं ते माझ्या पदरात राहिलं.

इथं आता ऊन कडक व्हायला लागलंय. हिवाळ्यापुरतं आलेलं कुणी एव्हाना परत गेलं असतं. थांबते आता, दोघांच्या आंघोळीचं पाणी तापलं आहे.

शिवकन्या